एकोणपन्नास लिहा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेलची पत्र्याची कपाटं बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. तिथे मी बावीस वर्षं लोकांचे पगार काढते. एकशे चाळीस माणसांची हजेरी, ओव्हरटाइम, उचल, पीएफ, सगळं माझ्या हातून जातं. बावीस वर्षांत माझ्याकडून एकही चूक झालेली नाही, असं मी लोकांना सांगत असे. लोक विचारत नसत, तरी सांगत असे. भाचीच्या साखरपुड्यात मी हे तिच्या होणाऱ्या सासूलासुद्धा सांगितलं होतं, असं माझे यजमान म्हणतात. त्या बाईंनी फक्त जेवायला कधी बसताय, एवढंच विचारलं होतं.

गेल्या मार्चमध्ये साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पगाराचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. "मॅडम, आता तुमचं काम निम्मं होईल," ते म्हणाले. मला ते अजिबात आवडलं नाही. माझं हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं, त्यात माझं सुवाच्य अक्षर होतं, आणि कुठल्याही कामगाराची रुजू तारीख मी रजिस्टर न उघडता सांगू शकत होते. पण नवीन आर्थिक वर्षापासून पगार सॉफ्टवेअरमधूनच निघणार असं ठरलं आणि प्रत्येकाची पीएफची माहिती त्यात नव्याने भरायचं काम माझ्याकडे आलं. पीएफचा नंबर, जन्मतारीख, रुजू तारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वारस. भरलेली माहिती आधारशी जुळली की त्या ओळीपुढे हिरवी खूण येई.

त्या हिरव्या खुणेने मला पहिल्याच दिवशी जिंकलं. माणूस कौतुक करताना हात आखडता घेतो, हे यंत्र मात्र दर ओळीला शाबासकी देत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी वेळेआधी ऑफिसात यायला लागले.

चौथ्या दिवशी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्रातून फोन आला. पलीकडच्या बाई बंगळूरहून हिंदीत बोलत होत्या. आवाज काळजीचा होता. "मॅडम, आपके डेटा में कुछ गडबड है. तैंतीस लोगों का बर्थडे एक जून है. कॉपी-पेस्ट हो गया क्या?"

मला हसू आवरेना. आमच्याकडे पोराचा जन्म कधी झाला हे घरात फारसं कुणी लिहून ठेवत नसे. शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघत आणि सहा वर्षं पूर्ण होतील अशा बेताने एक जून टाकून मोकळे होत. माझीही जन्मतारीख एक जूनच. मी नामपूरची. आई म्हणते, तू उन्हाळी कांदा काढणीत झालीस, म्हणजे मार्च-एप्रिल असणार. पण मास्तरांपुढे आईचं काय चालणार? हे सगळं बंगळूरच्या बाईंना हिंदीत समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी मी म्हटलं, "हमारे यहाँ जनम की तारीख मास्टरजी देते हैं." मग त्यांनी "ओके मॅडम" म्हणून फोन ठेवला.

ऑफिसात आम्ही एक जूनवाले चौघे आहोत. दरवर्षी त्या दिवशी आमच्यासाठी एकच मोठा केक येतो. तो आणायला चहाच्या मावशी जातात, प्लेटा मावशीच भरतात, आणि उरलेलं खोकं आवरून ठेवतात त्याही मावशीच. पुढे ज्यांच्यामुळे माझी पुरती जिरली त्या ह्याच मावशी, म्हणून त्यांच्याबद्दल आधी सांगते.

मावशी इगतपुरीकडच्या डोंगराळ भागातल्या. नवरा बांधकामावर मजुरी करायचा, तो गेल्यावर मुलाबरोबर अंबडला आल्या. नऊ वर्षांपूर्वी मार्चअखेरीस आमच्याकडे चहा आणि साफसफाईसाठी लागल्या आणि पहिल्याच दिवसापासून सगळ्यांच्या मावशी झाल्या. त्या मला ताई म्हणतात. त्या वेळी त्यांच्याकडे वयाचा एकही कागद नव्हता. मतदान कार्ड घर बदलताना कुठेतरी गेलं होतं. आधार काढलेलंच नव्हतं. सुदैवाने त्याच आठवड्यात आधारचं मशीन घेऊन एक माणूस कंपनीत आला होता, ज्यांचं राहिलं होतं त्यांच्यासाठी. मावशींना मीच त्याच्यापुढे नेऊन बसवलं.

"जन्मतारीख?" त्याने विचारलं.

"मी कव्हा जल्मले ते मी कुटं बघितलंय?" मावशी म्हणाल्या.

"अंदाजे वय सांगा मग."

मावशींनी नुसते खांदे उडवले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मावशींच्या डोक्याकडे बघितलं. पांढरेशुभ्र केस, त्यांचा घट्ट अंबाडा, पुढचा एक दात पडलेला. मी मनात म्हटलं, पन्नास तरी असतीलच. बाईमाणसाचं वय म्हणून मी माझ्या अधिकारात एक वर्षाची सूट दिली. "एकोणपन्नास लिहा," मी म्हणाले. तारीख कुठली हे त्याने विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "एक जून."

मग त्या आधारवरून बँकेचं खातं निघालं, पीएफचा नंबर निघाला, आणि तीच तारीख माझ्या हिरव्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात गेली. साहजिकच, नऊ वर्षांनी मी ती सॉफ्टवेअरमध्ये भरली तेव्हा सगळं सगळ्याशी जुळलं. हिरवी खूण लगेच आली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरने आपणहून एक यादी काढली. येत्या दोन महिन्यांत निवृत्त होणारे कर्मचारी. यादीत एकच नाव होतं, मावशींचं. ओळ लाल होती. एक जूनला अठ्ठावन्न पूर्ण, सेवा नऊ वर्षं दोन महिने, पेन्शनसाठी अपात्र.

आमच्या कंपनीत अठ्ठावन्नला निवृत्ती. पीएफमधला पेन्शनचा भागही अठ्ठावन्नलाच थांबतो, आणि दरमहा पेन्शन हवं असेल तर तोवर दहा वर्षं भरावी लागतात. वरचे महिने सहा किंवा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. मावशींचे वर दोनच महिने होते. मी कागदावर पुन्हा बेरीज केली. उत्तर तेच आलं. मग मला सुचलं की त्या दिवशी मी एकाऐवजी दोन वर्षांची सूट दिली असती तर हे घडलंच नसतं. माझं औदार्य नेमकं एका वर्षाने कमी पडलं होतं. मात्र चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. वाईट वाटलं, पण ते नियमाबद्दल.

अकरा वाजता मावशी चहा घेऊन आल्या. मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत, ट्रे पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"मावशी, हे सॉफ्टवेअर म्हणतंय की एक जूनला तुम्हाला अठ्ठावन्न पूर्ण होतात."

"कोन म्हनतंय?"

"हे." मी मॉनिटरकडे बोट दाखवलं. "तुमची दहा वर्षं भरत नाहीत. जमलेली रक्कम एकदम मिळेल, पण महिन्याचं पेन्शन नाही बसणार."

मावशी मॉनिटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, एकदम आलेला पैसा माझ्याकडं ऱ्हात नाय. पोराच्या गाडीचे हप्ते हायेत, तिकडं जाईल. पोरगं वाईट नाय, पन जाईल. म्हैन्याला थोडंथोडं आलं तर कुनी मागत नाय. मागन्याइतकं आसतंच कुटं? पन माझं मला ऱ्हातं." ट्रे सावरून त्या म्हणाल्या, "मी त्या म्हैन्याच्या पैशावर लय भरोसा ठिवला व्हता."

मी नियम पुन्हा समजावून सांगायला लागले. समजावून सांगणं मला फार छान जमतं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पन मला अठ्ठावन कशे झाले? माझा थोरला भाऊ अजून रेल्वेत हाय. त्याच्याच नोकरीला दोन वर्सं ऱ्हायलीत. आन् आमच्या दोघांच्या मधी एक भन हाय."

रेल्वेत साठाव्या वर्षी निवृत्ती. म्हणजे थोरला भाऊ अठ्ठावन्नचा. त्याच्यानंतर एक बहीण, तिच्यानंतर मावशी. म्हणजे चौपन्न-पंचावन्न. बावीस वर्षांत इतकं झटपट गणित मी केलं नव्हतं, आणि इतकं नकोसं उत्तरही कधी आलं नव्हतं. तो पांढरा अंबाडा, ते मशीन, माझा तो ठाम आवाज, सगळं एका क्षणात आठवलं.

"सॉफ्टवेअरची काहीतरी गडबड आहे," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच चकित झाले. पुढचे चार महिने मी तेच वापरलं. साहेबांना सांगितलं, सॉफ्टवेअर. घरी सांगितलं, सॉफ्टवेअर. बिचारं बंगळूरचं सॉफ्टवेअर, त्याने फक्त मी दिलेलं वाचून दाखवलं होतं.

आता वयाचा खरा कागद शोधायला हवा होता. मावशी गावच्या शाळेत गेल्या होत्या, पण किती वर्षं ते त्यांना आठवत नव्हतं. "दोन वर्सं गेले आसंल. मंग आईबाप कामाला घाटाखाली गेले, मलाबी नेलं." शाळेच्या रजिस्टरात नाव असेल तर तारीखही असणार. मी रजा टाकली आणि आम्ही दोघी नाशिकरोडहून सकाळच्या गाडीने इगतपुरीला गेलो. तिथून पुढे गावात जाणारी जीप होती, खचाखच भरलेली. आत बसलेल्या एका माणसाने मावशींना जागा करून दिली. "या आजी, हितं बसा," तो म्हणाला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागं सरका." मी अर्धा तास एका पायावर उभी होते, पण मनातून अगदी खूष होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते.

शाळा सकाळची होती. हेडमास्तर तरतरीत गृहस्थ. त्यांनी कपाटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जुनं रजिस्टर काढलं. इगतपुरीच्या पावसात कागद टिकायचा तर त्याला असंच जपावं लागतं. मावशींनी आपलं माहेरचं नाव सांगितलं आणि वडिलांचं नाव सांगितलं. हेडमास्तरांनी बोट खाली सरकवत सरकवत नाव शोधलं. आधी भावाचं सापडलं, मग चार पानांनी बहिणीचं, आणि आणखी तीन पानांनी मावशींचं. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही. एक जून. पानावरच्या सगळ्यांचीच एक जून.

"माझीसुद्धा एक जूनच आहे," हेडमास्तर म्हणाले.

मी साल वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते माझंच साल होतं. माझ्या मास्तरांनी मला नामपूरला जी तारीख दिली होती, तीच मावशींना त्यांच्या मास्तरांनी इथे दिली होती. कागदोपत्री आम्ही दोघी एकाच दिवशी जन्मलो होतो. जिला मी नऊ वर्षं मावशी म्हणत होते आणि जिच्या वयाला सूट देऊन स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होते, ती बाई माझ्याहून एका दिवसानेही मोठी नव्हती.

फरक एवढाच होता की दर रविवारी दुपारी मी डोक्याला काळा रंग लावते, वर प्लास्टिकची पिशवी बांधते आणि बेल वाजली तर यजमानांना दार उघडायला पाठवते. गेली बारा वर्षं हे चालू आहे. आधारचं मशीन आलं तेव्हाही चालू होतं. त्या दिवशी मशीनवाल्याने मावशींऐवजी माझ्या खऱ्या केसांकडे बघून आकडा टाकला असता, तर मी कधीच निवृत्त होऊन घरी बसले असते.

मावशींना सालाचं काही नव्हतं. त्या रजिस्टरवर वाकून हेडमास्तरांना विचारत होत्या, "गुरुजी, दुसरी पास लिवलंय का?"

"दुसरी उत्तीर्ण, असंच लिहिलंय."

"मी घरात सांगत व्हते, कुनाला खरं वाटत नव्हतं," मावशी म्हणाल्या. वय चार वर्षांनी कमी झालं ह्यापेक्षा त्यांना ह्याचा आनंद जास्त झाला होता. हेडमास्तरांनी सही-शिक्क्याचा उतारा करून दिला. तो त्यांनी पदराच्या आत ठेवला आणि परतीच्या सबंध प्रवासात त्यावर हात धरून बसल्या.

त्या प्रवासात मी तीन वेळा खरं सांगायला तोंड उघडलं. पहिल्यांदा शेंगा विकत घेतल्या. दुसऱ्यांदा पाणी प्यायले. तिसऱ्यांदा देवळाली आली आणि मी म्हटलं, "देवळाली आली." मावशी म्हणाल्या, "हो."

पुढचे दिवस कागदांत गेले. रजिस्टरात नाव माहेरचं, आधारवर सासरचं, म्हणून ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आधी आधारची तारीख बदलायची, मग तिच्या जोरावर पीएफची. पीएफच्या अर्जावर कर्मचारी आणि कंपनी दोघांच्या सह्या लागतात. त्यात चुकीचं कारण लिहायची एक जागा होती. मी बराच विचार करून लिहिलं, लिपिकीय चूक. साहेबांनी सही करताना ते वाचलं.

"लिपिक म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"असेल आधारवाल्यांचा कुणीतरी," मी म्हणाले.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत मावशींना कामावर ठेवायला साहेब तयार झाले, हे मात्र खरंच चांगलं झालं. एक जून आला तसा केकही आला. यंदा मी मोठ्या थाटात मावशींना आमच्या चौघांत उभं केलं आणि सुरी त्यांच्या हातात दिली. माझ्या पापाची परतफेड मी अर्धा किलो केकमध्ये उरकू बघत होते. मावशी म्हणाल्या, "मी कापला तर प्लेटा कोन भरनार?" त्या मी भरल्या. दोन पडल्या, एक तुकडा प्रिंटरवर गेला, आणि शेवटी फडकं घेऊन मावशीच आल्या.

पीएफ कार्यालयाने अर्ज एकदा परत पाठवला, कारण प्रतिज्ञापत्राचं एक पान मी जोडायला विसरले होते. ती चूक मी सॉफ्टवेअरवर ढकलू शकले नाही, म्हणून कुरिअरवर ढकलली. ऑगस्टमध्ये मंजुरी आली. मी मावशींची ओळ उघडून नवं साल भरलं. लाल अक्षरं गेली, हिरवी खूण आली. ह्या वेळी तिच्याकडे बघून मला शाबासकी मिळाल्यासारखं काही वाटलं नाही.

अकराच्या चहाला मी त्यांना सांगितलं, "मावशी, झालं. तुमची नोकरी अजून जवळजवळ चार वर्षं. पुढच्या मार्चला दहा भरतात. पेन्शन बसतं तुमचं."

त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. ऑफिसात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लय बरं झालं, ताई. लय फिरलात तुमी माझ्यासाठी." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, तुमी रविवारी डोक्याला लावता ते कोन्तं हाय? मला बी एक पुडी आनून द्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. माझे कान तापले होते.

"सांगायला कशाला पायजे? चहा ठिवताना वरून दिसतं. शनवारपर्यंत भांगात पांढरं व्हतं."

"आता कशाला तुम्हाला रंग? इतकी वर्षं नाही लावला."

"आसू द्या," मावशी म्हणाल्या. "परत कुनी डोक्याकडं बघून वय लिवाय नको."

तो आकडा माझाच, हे नऊ वर्षं त्यांना ठाऊक होतं. सॉफ्टवेअरची गडबड मी चार महिने त्यांच्याच तोंडावर सांगत होते, तेव्हाही ठाऊक होतं. मी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

मावशींनी माझा रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"तुमी इतक्या खातरीनं बोलल्या," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आसंल."